खडूचा डबा

पळीबाईनं डब्याचं झाकण दाबलं, डबा उलटा करून एकदा हलवला आणि थेंबही बाहेर आला नाही हे पाहून त्यावर पट्टी चिकटवली. 'खडू. साडेसतरा किलो. सकाळी अर्धा, संध्याकाळी अर्धा.' त्याखाली 'बनवणाऱ्याचं नाव' अशी एक छापील ओळ होती. ती तिनं नेहमीप्रमाणे कोरी सोडली. तेवढ्यात खिडकीपलीकडून डॉक्टरांचा आवाज आला.

"काका, याचं वजन परत उतरलंय."

खिडकी म्हणजे दवाखान्याचं स्वयंपाकघर आणि तपासणीची खोली यांच्यामधल्या भिंतीला पाडलेलं दीड हात रुंदीचं भोक. त्याला सरकती काच होती. इकडून आजारी कुत्र्यांच्या जेवणाचे डबे जायचे, तिकडून रिकामे परत यायचे, आणि पलीकडच्या माणसाला दिसायचे ते फक्त रबरी हातमोजे घातलेले दोन हात. काच बोटभर उघडी ठेवायची तिची सवय होती. वाफेला वाट हवी, असं ती सांगायची. गेले दोन महिने सोमवारी ती फट दोन बोटं असे, आणि त्याचं कारण वाफ नव्हतं.

"सतरा किलो शंभर ग्रॅम," डॉक्टर म्हणाल्या. "पहिल्या महिन्यात सोळावरून अठराला गेला होता. आता उतरतच चाललाय. डबा सगळा खातो ना?"

"डबा रोज रिकामा होतो," खडू कुत्र्याचा मालक म्हणाला.

या आवाजानं पळीबाईच्या पाठीचा कणा ताठ होई. चेहरे बदलतात, केस जातात, मान बारीक होते, पण आवाज तोच राहतो. दोन महिन्यांपूर्वी तिनं फटीतून पाहिलं तेव्हा समोर एक वाकलेला म्हातारा पांढऱ्या कुत्र्याची दोरी धरून उभा होता आणि तिला काहीच ओळख पटली नव्हती. मग तो म्हणाला, "इथे बसायची सोय काय आहे?" आणि तिच्या हातातून गाजर पडलं. रोजचा डबा तो बाहेरच्या टेबलावरूनच न्यायचा; तपासणीला आत यायचा तो फक्त सोमवारी.

बारा वर्षांपूर्वी तो एका वसतिगृहाचा अधीक्षक होता आणि ती तिथली मुख्य स्वयंपाकीण. उंच, काटकुळी, मान जरा पुढे वाकलेली, म्हणून पोरांनी तिचं नाव पळीबाई पाडलं होतं आणि तिलाही ते आवडायचं. दोनशे पानं ती एकटीच्या अंदाजानं वाढायची. एका शनिवारी तिनं त्याला सांगितलं, मोठा फ्रीज गुरुवारपासून बंद आहे, आतलं मांस टाकून द्यायला हवं. "उकळल्यावर सगळं मरतं. शिजव," तो म्हणाला होता. रात्रीपर्यंत एक्केचाळीस पोरं ओकत होती. रविवारी त्यानं सगळ्यांना हॉलमध्ये जमवलं, तिला पुढे बोलावलं आणि ट्यूबलाइटखाली दोन्ही हात पसरायला लावले. नखं पाहिली, हात उलटे करायला लावले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "या हातचं कुत्रंसुद्धा खाणार नाही."

बस, एवढंच. पण एवढं पुरलं. नंतर कुठल्याही स्वयंपाकघराच्या दारात ती गेली की तिच्या आधी ते वाक्य पोचलेलं असे. शेवटी या दवाखान्यात आजारी कुत्र्यांसाठी शिजवणारं माणूस हवं होतं. डॉक्टर वयानं तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यांनी एकच विचारलं, "हात धुता ना?" आणि पहिल्याच दिवशी, आठवडाभर अन्नाला न शिवलेली एक कुत्री तिच्या बोटांवरचा भात चाटून गेली, तेव्हा पळीबाई कुकरच्या वाफेत तोंड घालून उभी राहिली, म्हणजे कुणाला कळू नये.

खिडकीपलीकडे माणूस गेल्याचा आवाज आला. मग डॉक्टर आत आल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या.

"बाई, खडूच्या डब्यात काही बदललंत का?"

"नाही."

"मांस वगैरे ताजंच असतं ना? मी आपली विचारते."

पळीबाईचे कान तापले. प्रश्न गोड होता, विचारणारी चांगली होती, पण प्रश्न तोच होता. तिनं भिंतीवरचा कागद दाखवला. खडूच्या स्वादुपिंडाला सूज होती, म्हणून तेलतूप वर्ज्य. कोंबडीचं चरबी काढलेलं मांस, थोडी कलेजी, मऊ भात, एक मूठ उकडलेली भाजी, अंड्याच्या कवचाची चमचाभर पूड. मीठ नाही. सगळं काट्यावर मोजून, एकजीव करून.

"जंत नाहीत, ताप नाही, उलट्या थांबल्यात," डॉक्टर म्हणाल्या. "एवढ्यावर कुत्रा भरायलाच हवा. पुढच्या सोमवारपर्यंत बघते. घरी त्याला पोटाला मिळत नसेल, तर मी त्याला तिथे ठेवणार नाही, दुसरं घर बघीन. आणि मिळत असेल, तर मग चूक आपल्या डब्यात आहे."

"माझ्या डब्यात," पळीबाई म्हणाली.

"आपल्या," डॉक्टर म्हणाल्या आणि गेल्या. पण शब्द बदलल्यानं काय होतं.

* * *

"टाकत असेल गटारात," पळीबाई संध्याकाळी थोरल्या बहिणीला म्हणाली. दोघी दोरीवरचे कपडे काढत होत्या. ताईला सगळं माहीत होतं. बारा वर्षं तिनं ते इतक्या वेळा ऐकलं होतं की मधली वाक्यं तीच पुरी करायची.

"कशाला टाकेल? एवढी पायपीट करून डबा न्यायचा आणि टाकायचा?"

"आळस. दोनदा गरम करायचा, वाढायचा, भांडं धुवायचं. त्यानं आयुष्यात कधी पेला विसळलाय का? डॉक्टरांसमोर मात्र साळसूद. डबा रोज रिकामा होतो म्हणे."

"मांजर डोळे मिटून दूध पितं."

"तेच."

ताईनं चादरीचं एक टोक तिच्याकडे दिलं. दोघींनी चादर ताणली.

"मग आता?"

"आता त्याचा कुत्रा त्याच्याकडून जाणार. बायको गेली, मूल नाही, त्या मुक्या जनावराशिवाय घरात बोलायला कुणी नाही. जाऊ दे. बसू दे भिंतीकडे बघत. बारा वर्षं मी बसले तसा." हे बोलताना तिला स्वतःच्या आवाजात गोडवा जाणवला आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

"अगं, पण कुत्र्यानं तुझं काय घोडं मारलंय? वड्याचं तेल वांग्यावर कशाला?"

"कुत्रा चांगल्या घरी जाईल. त्याचं भलंच आहे. मला फक्त पुरावा हवा."

"कसला?"

पळीबाईनं चादरीची घडी घातली, तिच्यावरून हात फिरवला.

"बीट," ती म्हणाली. "कागदावर भाजी एक मूठ लिहिलीय, कुठली ते लिहिलेलं नाही. आठवडाभर बीट घालते. शेवटच्या वाफेला, कच्चट. कलेजीबरोबर वाटलं की रंगाचा संशय येत नाही, आधीच तो डबा काळा-तांबडा दिसतो. कुत्र्यानं खाल्लं, तर सोमवारी तपासायला आणतो ती शी लाल यायला हवी. नाही आली, तर डबा गटारात गेला."

ताई तिच्याकडे पाहत राहिली. मग हसली.

"स्वयंपाकिणीशी वैर घेऊ नये बाई," ती म्हणाली.

* * *

सोमवारी तो लवकर आला. सगळ्यांच्या आधी. त्यानं आणलेली पारदर्शक डबी डॉक्टरांनी तपासणीच्या ट्रेमध्ये ठेवली आणि पळीबाईनं फटीतून ती पाहिली. नेहमीचाच मातकट रंग. कडेला अगदी पुसट गुलाबी, असून नसल्यासारखा. मूठ मूठ बीट गेलं होतं डब्यात, सात दिवस.

सापडलास, ती मनात म्हणाली. नाक दाबलं की तोंड उघडतं. हातमोजे काढून ती दाराकडे निघालीच होती. बारा वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्यासमोर उभी राहणार होती आणि काय बोलायचं ते तिला पाठ होतं.

"सोळा आठशे," पलीकडे डॉक्टर म्हणाल्या. "काका, आता मला स्पष्टच—"

"डॉक्टर, एक विचारू?" तो म्हणाला. आवाज खाली होता. "कुत्र्याचा आजार माणसाला होतो का?"

"कुठला आजार?"

"मला रक्त जातंय. शीतून. पाच-सहा दिवस झाले. बरंच."

पळीबाईचा हात दाराच्या कडीवर राहिला.

"तुमच्या डॉक्टरांना दाखवलंत?"

"परवा गेलो होतो. चेहरा बघूनच कळलं मला. गुरुवारी कॅमेरा घालून बघणार आहेत. खायला काय असतं विचारलं. म्हटलं, ब्रेड, दूध. दुसरं काय सांगणार." तो थांबला. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "याला तोवर इथे ठेवाल का? आणि पुढे मी... म्हणजे लांबलंच काही, तर एखादं चांगलं घर बघा. जेवायला नीट घालणारं. मला जमलं नाही. मला वाटलं होतं जमतंय."

पळीबाईनं कडी सोडली आणि पाटावर बसली. काय घडलं ते कळायला तिला एक क्षणसुद्धा लागला नाही. डबा गटारात जात नव्हता. डबा तोच खात होता. अर्ध्याहून जास्त.

पहिल्यांदा तिला हसू आलं. तोंडावर पदर दाबून ती खांदे हलवत हसली. या हातचं कुत्रंसुद्धा खाणार नाही म्हणणारा हा माणूस रोज दोन वेळा, मिठाशिवाय, याच हातचं खात होता, आणि आता मरणाच्या भीतीनं दवाखान्यात बसला होता. एवढं तर तिनं मागितलंही नव्हतं. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात, ते हे.

मग हसू ओसरलं. काच सरकवायची आणि म्हणायचं, बीट आहे ते. तीन शब्द. तिनं पलीकडे कान दिला. तो कुत्र्याशी बोलत होता. "राहा हं. शहाण्यासारखा राहा." डॉक्टर म्हणत होत्या, "काका, घाबरू नका, तपासण्या होऊ द्या."

होऊ द्या, पळीबाई मनात म्हणाली. गुरुवारपर्यंत होऊ द्या की घाबरणं. रविवारी हॉलमध्ये माझे पाय लटपटत होते, तेव्हा कोण म्हणालं होतं घाबरू नको?

ती उठली आणि काच पूर्ण लावून घेतली.

* * *

खडू तिच्या स्वयंपाकघराशेजारच्या पडवीत आला. पांढरा, फासळ्या दिसणारा, एक कान मुडपलेला. हवं होतं ते सगळं तिला मिळालं होतं. तिनं त्या संध्याकाळी स्वतःच्या हातानं भात मऊ केला, मांसाचे तंतू सोडवले, गाजर घातलं, बीट वगळलं, आणि ताटली त्याच्यासमोर ठेवली.

खडूनं ताटलीकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. आणि डोकं पंजांवर ठेवलं.

मंगळवारी सकाळी तेच. दुपारी तिनं जेवण कोमट करून आणलं. संध्याकाळी बोटांवर घेऊन त्याच्या नाकाशी धरलं. त्यानं वास घेतला, लाळ गळली, भूक तर डोळ्यांत होती, पण तोंड उघडलं नाही. तो फक्त तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. एखादं माणूस आता काहीतरी बोलेल म्हणून वाट पाहावी, तसा.

"धन्याची आठवण काढत असेल," डॉक्टर म्हणाल्या. "उद्या दुपारपर्यंत खाल्लं नाही, तर सलाइन लावू."

मंगळवारी घरी पळीबाई जेवली नाही. ताईनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "खात नाही गं तो माझ्या हातचं." आणि बोलता बोलता स्वतःचं वाक्य ऐकून दचकली.

बुधवारी दुपारी तिनं पुन्हा भात केला. चुलीशी पाठमोरी उभी राहून, कुत्र्याचं अन्न असलं तरी सवयीनं चिमूटभर तोंडात टाकून पाहिलं, आणि ताटली घेऊन पडवीत गेली. खडू पडून होता. शेपटीचं टोक फक्त हललं. तिला एकाएकी थकवा आला. ती त्याच्यासमोर जमिनीवरच बसली.

"काय करू रे आता?" ती म्हणाली. "काय खुपतंय तुला माझ्या हातात?"

फार गरम आहे का, म्हणून तिनं ताटलीतला घास उचलला आणि तोंडात घातला.

खडू उठला. पाय थरथरत होते, तरी उठला, दोन पावलं चालत आला आणि ताटलीत तोंड घातलं. चार घास खाल्ले. मग थांबला आणि पुन्हा तिच्या तोंडाकडे पाहू लागला.

पळीबाईनं आणखी एक घास खाल्ला. तोही खाऊ लागला. चार घास, आणि पुन्हा थांबला.

असं करता करता ताटली संपली, तेव्हा तिसरा हिस्सा तिच्या पोटात गेला होता. ती हात तसाच ताटलीत ठेवून बसून राहिली. कुणीतरी या कुत्र्याला सवय लावली होती. बहुतेक त्याच्या बायकोनं. आधी एक घास मी, मग तू. बायको गेली आणि सवय राहिली, आणि त्या माणसाला ती पाळावी लागली. कुत्र्यानं खावं म्हणून आधी एक घास, मग दोन. मग, घरात दुसरं काही शिजत नाही, समोर गरम, ताजं अन्न आहे, कुत्रा पोट भरल्यासारखा बाजूला झालाय, म्हणून चार. हळूहळू अर्धा डबा. माणसाची भूक अशीच चोरपावलांनी येते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

तिला राग आला. खरंच आला. त्यानं डबा गटारात ओतला असता तर किती सोपं झालं असतं.

दवाखान्याच्या टेबलावर खडूचा फॉर्म होता आणि त्यावर फोन नंबर. पळीबाईनं हात पुसून फोन उचलला. नंबर वाचला. मग फोनची धूळ पदरानं पुसली आणि तो जागेवर ठेवला. अजून एक दिवस, ती स्वतःला म्हणाली. फक्त एकच. उद्या सकाळी करू.

* * *

गुरुवारी सकाळी फोन करायची वेळच आली नाही. तो स्वतः आला. खांद्याला पिशवी, अंगात इस्त्रीचा शर्ट. वरचं बटण खालच्या काजात. बसायच्या खोलीत सात माणसं, चार कुत्री आणि टोपलीत एक मांजर होतं.

"इस्पितळातच निघालोय," तो डॉक्टरांना म्हणाला. "कालपासून उपाशी ठेवलंय. म्हटलं, एकदा याला बघून जावं."

खडूची दोरी डॉक्टरांनी सोडली. त्यानं उडी मारायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून तो त्या माणसाच्या पायांवर अंग टाकून उभा राहिला. म्हातारा वाकला आणि त्याच्या मुडपलेल्या कानाशी काहीतरी बोलला.

तेव्हा स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि पळीबाई बाहेर आली. डोक्याला टोपी नव्हती, हातात मोजे नव्हते. उजव्या हातात अर्धं कापलेलं बीट होतं, डाव्यात खडूची ताटली. तिनं ताटली बाकावर ठेवली.

"साहेब, हात पुढे करा," ती म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. ओळख नव्हती. पण गेले काही दिवस नर्सपासून कंपाउंडरपर्यंत सगळेच त्याला हात पुढे करायला सांगत होते, म्हणून त्यानं केला. तिनं त्याचा तळवा उघडला, त्यावर बीट ठेवलं आणि त्याची बोटं मिटवून दाबलं. मग सोडलं.

"हे रक्त नाही," ती म्हणाली. "बीट आहे. आठवडाभर डब्यात होतं. मीच घातलं. तुम्हाला काही झालेलं नाही. आज तिकडे पहिली गोष्ट ही सांगा, आणि काय खाता ते खरं सांगा."

तो लाल झालेल्या तळव्याकडे बराच वेळ पाहत राहिला. खांदे खाली आले. श्वास असा सुटला की जवळच्या बाकावरच्या बाईनं आपलं कुत्रं मांडीत ओढून घेतलं. मग त्याची नजर हातावरून वर गेली. तिच्या हातांकडे, काटकुळ्या मनगटांकडे, आणि पुढे वाकलेल्या मानेकडे.

"पळीबाई," तो म्हणाला.

"हो."

"त्या खिडकीमागे तूच होतीस. तुला सोमवारीच माहीत होतं."

"हो."

"तीन दिवस," तो म्हणाला. "तीन दिवस मी..."

"बारा वर्षं," ती म्हणाली.

डॉक्टर दोघांकडे पाहत उभ्या होत्या. खडू ताटलीपाशी जाऊन बसला होता. लाळ गळत होती. तो एकदा म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहत होता, एकदा तिच्या.

पळीबाईनं ताटली बाकावरून उचलली आणि खाली, म्हाताऱ्याच्या पायांशी ठेवली.

"आधी तुम्ही," ती म्हणाली. "त्याशिवाय तो खायचा नाही."

"इथे?"

"इथेच. त्या दिवशी हॉलमध्ये दोनशे जण होते. इथे सातच आहेत."

"मला उपाशी राहायला सांगितलंय."

"एका घासानं ते रद्द होत असेल तर होऊ दे. तसंही त्या कॅमेऱ्याला आत बघायला आता काही राहिलेलं नाही."

तो गुडघ्यांवर हात टेकून हळूहळू खाली बसला. टोपलीतलं मांजर ओरडलं. सात माणसं बघत होती, कारण बसायच्या खोलीत बघायला दुसरं काही नसतं. त्यानं डाव्या हातानं, स्वच्छ हातानं, ताटलीतला भात उचलला आणि तोंडात घातला. तो चावत असताना पळीबाईनं विचारलं,

"तो फ्रीज किती दिवस बंद होता?"

जबडा थांबला. मग पुन्हा हलू लागला. त्यानं तो घास फार वेळ चावला, मऊ भात चावायला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त. ती उभी होती. तिला घाई नव्हती.

"दोन," तो म्हणाला.

"मोठ्यानं."

"दोन दिवस. गुरुवारपासून." त्यानं गिळलं. "तू सांगितलं होतंस मला."

मांजराच्या टोपलीवर हात ठेवून बसलेल्या गृहस्थांना वाटलं, घरातल्या फ्रीजची गोष्ट चाललीय. त्यांनी मान वळवली. खडूनं ताटलीत तोंड घातलं आणि मचमच करत खाऊ लागला. चार घासांनंतर तो थांबला आणि वर पाहू लागला. म्हाताऱ्याचा हात सवयीनं ताटलीकडे गेला. मग मध्येच थांबला. त्यानं भाताचं एकच शीत उचललं, तेवढंच जिभेवर ठेवलं आणि हात गुडघ्यावर परत नेला. कुत्र्याला तेवढं पुरलं.

पळीबाई आत गेली. तिला वाटलं होतं तितकं ते गोड लागलं नाही. पण लागलं, खोटं कशाला बोला. नळाखाली तिनं साबणानं हात दोनदा धुतले, ट्यूबलाइटखाली धरून सुलटे पाहिले, उलटे पाहिले. नखांच्या कडेला जरासा लाल रंग उरला होता. तो राहू दिला.

मग तिनं रोजचा डबा भरला. झाकण दाबलं, उलटा करून हलवला. पट्टीवर लिहिलं, 'खडू. सोळा किलो आठशे. सकाळी अर्धा, संध्याकाळी अर्धा.' जराशा विचारानं दुसरा डबा घेतला, त्यात भात, मांस, गाजर घातलं आणि चिमूटभर मीठ टाकलं. त्यावर खाणाऱ्याचं नाव लिहिलं नाही. पण दोन्ही पट्ट्यांवरची खालची छापील ओळ तिनं ठसठशीत अक्षरात भरली: पळीबाई. सकाळ-संध्याकाळ, झाकण उघडण्याआधी, त्याला ते वाचावंच लागणार होतं.